मोटारगाडीच्या सनरूफची गळती

मोटारगाडीच्या छतातील सरकत्या अथवा स्थिर काचेच्या खिडकीवाटे पावसाचे किंवा धुण्याचे पाणी वाहनाच्या अंतर्भागात उतरणे, यास सनरूफची गळती असे म्हणतात. हा दोष प्रामुख्याने जुन्या वाहनांत आढळतो. काचेभोवतीचे रबर निकामी झाल्यामुळेच पाणी आत येते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात सरकते सनरूफ पूर्णतः जलरोधक नसते. रबराच्या कडेने थोडे पाणी आत शिरणार, हे गृहीत धरूनच त्याची रचना केलेली असते. हे पाणी चौकटीतील पन्हळीत जमा होते आणि बारीक नळ्यांमधून वाहनाच्या खाली सोडले जाते. त्यामुळे गळतीचे सर्वांत नेहमीचे कारण फुटकी काच किंवा झिजलेले रबर हे नसून, तुंबलेला निचरा हे असते. दुरुस्तीचा क्रमही यावरूनच ठरतो. प्रथम निचरा, नंतर रबर व काचेची पातळी, त्यानंतर चौकट आणि सर्वांत शेवटी संपूर्ण सनरूफ बदलण्याचा विचार, असा हा क्रम आहे.

संज्ञा व पार्श्वभूमी

मराठीत ‘सनरूफ’ हाच शब्द रूढ आहे. काचेचे आणि खाली सरकते आवरण असलेल्या सनरूफला काही ठिकाणी ‘मूनरूफ’ म्हणतात. पुढील आसनांपासून मागील आसनांपर्यंत पसरलेल्या मोठ्या काचेच्या छतास ‘पॅनोरमिक सनरूफ’ ही संज्ञा आहे. त्यात बहुधा पुढील काच सरकती व मागील काच स्थिर असते.

अमेरिकेतील नॅश या कंपनीने १९३७ साली कारखान्यातच बसविलेले सनरूफ ग्राहकांना उपलब्ध करून दिले. जर्मनीतील वेबास्टो ही कंपनी त्याच दशकात मोटारींची घडीची छते बनवीत होती. पुढे हाइन्झ प्रेख्टर या जर्मन तंत्रज्ञाने १९६५ मध्ये अमेरिकेत ‘अमेरिकन सनरूफ कंपनी’ स्थापन केली आणि तेथे सनरूफचा प्रसार झाला. भारतात दीर्घकाळ ही सोय महागड्या मोटारींपुरती मर्यादित होती. २०१०च्या दशकात ती मध्यम किमतीच्या मोटारींतही दिसू लागली. त्या काळात घेतलेली वाहने आता जुनी होत असल्याने गळतीचा प्रश्न आलिशान मोटारींच्या मालकांपुरता राहिलेला नाही.

रचना व कार्य

सनरूफ म्हणजे केवळ एक काच नव्हे. छताचा पत्रा व आतील छताचे कापड यांच्या दरम्यान एक आयताकृती चौकट बसविलेली असते. या चौकटीत काच सरकण्यासाठी दोन रुळ, काच ओढणाऱ्या केबल, विद्युत मोटर, सरकते आवरण आणि वारा अडविणारी पट्टी हे भाग असतात. काचेच्या कडेला चहूबाजूंनी रबराची पट्टी असते. गॅरेजमध्ये तिला ‘रबर बीडिंग’ म्हणतात. तिचे काम वारा, आवाज, धूळ व बहुतांश पाणी अडविणे एवढेच आहे.

या रबराच्या आतील बाजूस, काचेच्या कडेखाली, चौकटीची पन्हळ असते. पन्हळीच्या कोपऱ्यांना छिद्रे असून त्यांना बारीक लवचीक नळ्या जोडलेल्या असतात. अशा नळ्या साधारणपणे चार असतात. पुढील दोन नळ्या समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांमधून, म्हणजे ए-पिलरमधून, उतरतात आणि पुढील दाराच्या बिजागरीजवळ अथवा पुढील चाकाच्या वरच्या भागात उघडतात. मागील दोन नळ्या मागच्या खांबांमधून उतरून मागील चाकाजवळ किंवा बंपरच्या आत संपतात. नळीच्या तोंडाशी अनेक वाहनांत रबराची झडप असते. आतले पाणी बाहेर जावे, परंतु बाहेरची धूळ व कीटक आत येऊ नयेत, हा तिचा हेतू असतो.

मराठवाड्यातील माळवदाच्या घराची रचना या तत्त्वाशी जुळते. मातीचे सपाट छत पाण्यास पूर्णपणे अभेद्य नसते. त्याचा टिकाव उतारावर आणि भिंतीबाहेर काढलेल्या पन्हळींवर अवलंबून असतो. पन्हळ तुंबली की पाणी छतावर साचते आणि घरात झिरपू लागते. म्हणूनच पावसाळ्यापूर्वी माळवदाची डागडुजी करताना पन्हळी मोकळ्या केल्या जातात. सनरूफच्या बाबतीतही निचरा मोकळा असेपर्यंत रबरातील किरकोळ दोष जाणवत नाही. निचरा तुंबल्यास मात्र नवे कोरे रबरही वाहनास वाचवू शकत नाही.

गळतीची कारणे

निचरा तुंबणे : धूळ, पानांचे तुकडे, फुलांचे देठ, परागकण आणि जुन्या वंगणाचा चिकटा पन्हळीत साचतो व छिद्रांपर्यंत वाहत जातो. नळी आतून करंगळीपेक्षाही बारीक असल्याने थोडासा गाळही तिला पुरतो. नळीच्या तोंडाची झडप चिकटणे हाही याच दोषाचा प्रकार आहे.

नळी निसटणे किंवा फाटणे : चौकटीच्या छिद्राला जोडलेली नळी कालांतराने कडक होऊन आकसते व निसटते. तसे झाल्यास पन्हळीतील सर्व पाणी छताच्या कापडावर किंवा खांबाच्या आत पडते. तुंबलेली नळी साफ करताना दाबाची हवा सोडल्यानेही ती पुष्कळदा निसटते.

रबर निकामी होणे : ऊन व उष्णतेमुळे रबर कडक होते, आकसते आणि कोपऱ्यांत त्याला भेगा पडतात. मग पन्हळीत अपेक्षेपेक्षा अधिक पाणी व धूळ येऊ लागते.

काचेची पातळी बिघडणे : काच छताच्या पातळीशी समतल बसली पाहिजे. रुळांतील प्लॅस्टिकचे भाग झिजल्यास अथवा स्क्रू सैल झाल्यास काचेचा एक कोपरा खाली बसतो आणि तेथे पाणी साचते.

चौकटीस तडा जाणे : काही चौकटींचे कोपरे प्लॅस्टिकचे असतात. वय, उष्णता आणि रस्त्यावरील धक्के यांमुळे त्यांना सूक्ष्म तडे जातात किंवा नळी जोडण्याची नळकांडी तुटते.

चिकटविलेली काच सुटणे : पॅनोरमिक सनरूफची मागील स्थिर काच पॉलियुरेथेन या चिकटद्रव्याने बसविलेली असते. हा जोड एखाद्या ठिकाणी सुटला, तर पाणी पन्हळीत न जाता थेट आत येऊ शकते.

निचऱ्याचा दोष किती गंभीर ठरू शकतो, हे अमेरिकेतील एका खटल्यावरून दिसते. तेथे विकल्या गेलेल्या फोक्सवॅगन व ऑडीच्या काही मोटारींतील सनरूफच्या निचऱ्यातून गळती होते, अशी तक्रार करीत ग्राहकांनी न्यू जर्सी राज्यात सामूहिक दावा दाखल केला होता. ‘ड्यूई विरुद्ध फोक्सवॅगन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दाव्यातील तडजोड मे २०१२ मध्ये तेथील अपील न्यायालयाने अमान्य केली. दावेदारांच्या दोन गटांचे हितसंबंध परस्परविरोधी आहेत आणि दोघांचे योग्य प्रतिनिधित्व झालेले नाही, हे त्याचे कारण होते.

छत्रपती संभाजीनगर येथील परिस्थिती

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) या शहराचा मोटार उद्योगाशी निकटचा संबंध आहे. जालना रस्त्यावरील शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडाच्या कारखान्यात २००१ पासून ऑक्टाव्हिया मोटारींची जुळणी सुरू झाली. पुढे ऑडीच्या मोटारीही तेथेच जुळविल्या जाऊ लागल्या. २०१३ मध्ये भारतात आलेल्या तिसऱ्या पिढीच्या ऑक्टाव्हियाच्या वरच्या श्रेणीत पॅनोरमिक सनरूफ होते. ऑक्टोबर २०१० मध्ये शहरातील उद्योजक व व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे १५० मर्सिडीझ-बेंझ मोटारी एकाच वेळी खरेदी केल्या. सुमारे ६५ कोटी रुपयांच्या या खरेदीची देशभर चर्चा झाली. खासगी मोटारीची नोंदणी प्रथम १५ वर्षांसाठी वैध असते. त्यामुळे त्या काळात घेतलेल्या मोटारींची मूळ नोंदणीची मुदत २०२५च्या सुमारास संपली. वाहन ठेवावे की विकावे आणि त्याच्या दुरुस्तीवर किती खर्च करावा, हे प्रश्न याच टप्प्यावर उभे राहतात.

या भागाचे हवामान सनरूफच्या दृष्टीने विशेष प्रतिकूल आहे. शहरात वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने बहुतांशी कोरडे जातात. या काळात निचरा तुंबत गेला, तरी त्याची चाहूल लागत नाही. दोष उघड होतो तो मृगाच्या पहिल्या जोरदार सरीत, आणि तेव्हा पन्हळीत महिनोन्‌महिने साचलेला गाळ एकाच वेळी नळ्यांकडे धावतो.

या गाळाचे स्वरूपही ध्यानात घेण्याजोगे आहे. परिसरातील काळी माती बेसॉल्ट खडकापासून बनलेली असून तिच्यात पाणी शोषून फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. कोरडी असताना तिची बारीक धूळ वाऱ्याबरोबर पन्हळीत जाऊन बसते. ओली झाल्यावर ती फुगते, चिकटते आणि नळीत बूच बसल्याप्रमाणे अडकते. रस्त्याकडेच्या कडुनिंबाची पाने फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतात आणि त्यानंतर येणारी त्याची इवलीशी फुले रबराच्या फटीतून सहज आत जातात. उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जात असल्याने उन्हात उभ्या असलेल्या वाहनाच्या छताचा पत्रा त्याहून कितीतरी अधिक तापतो आणि रबर व प्लॅस्टिक लवकर कडक होते. झाडाखाली वाहन लावल्यास उन्हापासून रक्षण होते, परंतु पालापाचोळ्याचा त्रास वाढतो. म्हणून अशा वाहनाचा निचरा अधिक वेळा तपासावा लागतो.

लक्षणे व परिणाम

गळती प्रथम छताच्या कापडावर दिसते. आतील दिव्याजवळ, सूर्यकिरण अडविणाऱ्या पट्टीजवळ किंवा खांबांच्या वरच्या टोकाशी तपकिरी डाग पडतात. वळण घेताना किंवा ब्रेक लावताना छतातून पाणी ओघळणे, हे पन्हळ भरल्याचे लक्षण आहे. पुढील नळी तुंबली असल्यास चालकाच्या वा शेजारच्या आसनासमोरील गालिचा ओला होतो. मागील नळी तुंबली असल्यास डिकीत, विशेषतः स्टेपनीच्या खोलगट जागेत, पाणी साचते. वाहन उतारावर उभे असेल, तर पाणी उताराच्या बाजूस दिसते. म्हणून ओली जागा आणि सदोष कोपरा एकच असतील, असे नाही.

वरवर किरकोळ भासणारी ही गळती दुर्लक्षिल्यास बरेच नुकसान करते. अनेक आधुनिक मोटारींत गालिच्याखाली तारांचे जुडगे असतात आणि काहींत इलेक्ट्रॉनिक नियंत्रकही असतात. एअरबॅगचा नियंत्रक बहुधा पुढील दोन आसनांच्या मधल्या भागात, तळाशी असतो. या जोडण्यांत पाणी शिरल्यास धोक्याचे दिवे लागणे, खिडक्या व कुलूप आपोआप चालणे, बॅटरी उतरणे असे दोष उद्भवतात. त्यांचे मूळ छतात आहे, हे लक्षात न आल्यास महागडे भाग विनाकारण बदलले जातात. गालिच्याखालील फोम स्पंजाप्रमाणे पाणी धरून ठेवतो. त्यामुळे तळाचा पत्रा गंजतो आणि बुरशी वाढते. बंद वाहनातील बुरशीचा कुबट वास दमा किंवा ॲलर्जी असणाऱ्यांना त्रासदायक ठरतो.

निदान

वाहनात आढळणारे प्रत्येक पाणी सनरूफचेच असते, असे नाही. दुरुस्तीपूर्वी पुढील शक्यता पडताळून पाहाव्या लागतात.

• पाऊस नसताना, केवळ वातानुकूलन चालू असताना पुढील गालिचा ओला होत असेल, तर वातानुकूलन यंत्राची निचरा-नळी तुंबलेली असते.
• समोरच्या काचेखालील, वायपरजवळच्या जाळीत पाने साचल्यास तेथील पाणी पंख्याच्या मार्गाने आत येते.
• दाराच्या आतील प्लॅस्टिकचा पडदा सुटल्यास दाराच्या खालच्या कडेने पाणी येते.
• डिकीतील पाणी मागील दिव्याच्या रबरातून किंवा डिकीच्या रबरातूनही येऊ शकते.
• छतावरील अँटेना व सामानाच्या पट्ट्या जेथे बसविलेल्या असतात, तेथूनही पाणी झिरपते.

सनरूफच्या निचऱ्याची चाचणी सोपी आहे. वाहन सपाट जागी उभे करून काच पूर्ण उघडावी आणि पन्हळ ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. पुढील प्रत्येक कोपऱ्यात सुमारे २०० मिलिलिटर, म्हणजे पेलाभर, पाणी बारीक धारेने ओतावे आणि ते वाहनाखाली कोठे पडते, हे दुसऱ्या व्यक्तीने पाहावे. नळी मोकळी असल्यास पाणी लगेच आणि अखंड धारेने खाली येते. ते थेंबथेंब येत असेल, तर नळी अर्धवट तुंबलेली असते. पन्हळीत पाणी तसेच राहिले, तर नळी पूर्ण तुंबलेली असते. पन्हळ रिकामी झाली, परंतु वाहनाखाली पाणी आले नाही, तर नळी निसटलेली किंवा फाटलेली आहे असे समजावे आणि आणखी पाणी ओतू नये. मागील छिद्रे बहुधा काचेखाली झाकलेली असतात. त्यांची चाचणी लवचीक नळीने पाणी सोडून घेता येते.

रबराची चाचणी कागदाच्या पट्टीने होते. काचेच्या कडेत पट्टी ठेवून काच बंद करावी आणि पट्टी हलकेच ओढावी. सर्व बाजूंना सारखाच अवरोध जाणवला पाहिजे. जेथे पट्टी सहज निघते, तेथे रबर आकसलेले असते किंवा काच खाली बसलेली असते.

दुरुस्ती

निचरा साफ करणे : पन्हळीतील सुका गाळ प्रथम मऊ ब्रशने व व्हॅक्यूम क्लिनरने काढावा. आधीच पाणी ओतल्यास तो नळीत उतरतो. नंतर गवत कापण्याच्या यंत्रात वापरली जाणारी, सुमारे २ मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी घेऊन तिचे टोक तापवून गोल करावे. ही दोरी नळीत अलगद फिरवीत सरकवावी. अडथळा लागल्यास जोर न लावता मागेपुढे करावी. ब्रेकची किंवा क्लचची पोलादी तार वापरण्याची पद्धत गॅरेजमध्ये आढळते, परंतु तिच्या टोकाने नळीला आतून भोक पडू शकते. शेवटी कोमट पाणी सोडून नळी धुवावी आणि खालच्या टोकाची झडप बोटाने दाबून मोकळी करावी. खालच्या टोकाकडून व्हॅक्यूम क्लिनरने गाळ ओढून घेणे, ही सर्वांत सुरक्षित पद्धत मानली जाते. त्यासाठी पाणी ओढू शकणारे यंत्र असावे लागते. टायरमध्ये हवा भरण्याच्या कॉम्प्रेसरची दाबाची हवा वरून सोडू नये.

नळी पुन्हा जोडणे : निसटलेल्या नळीसाठी छताचे कापड काही अंशी खाली घ्यावे लागते आणि खांबांवरील आवरणे काढावी लागतात. अनेक वाहनांत याच जागी पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते. त्यामुळे बॅटरीची जोडणी सोडवून आणि निर्मात्याने सांगितलेला वेळ थांबूनच हे काम करावे लागते. ते प्रशिक्षित कारागिराकडेच सोपविणे हिताचे असते. कडक झालेली नळी पुन्हा न बसविता नवी लावावी.

रबराची निगा व बदल : रबर सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून त्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. इंजिन ऑइल, रॉकेल, पेट्रोल किंवा साधे ग्रीस वापरल्यास रबर फुगते व लवकर कुजते. भेगा पडलेले रबर बदलणे हाच उपाय आहे. काही वाहनांत रबर सुटे मिळते, तर काहींत ते काचेला कायमचे जोडलेले असल्याने काचेसह घ्यावे लागते.

काचेची पातळी : काचेच्या दोन्ही बाजूंच्या आवरणाखाली पातळी बदलण्याचे स्क्रू असतात. काचेची पुढील कडा छताच्या समतल किंवा किंचित खाली आणि मागील कडा समतल किंवा किंचित वर असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. ही ‘किंचित’ म्हणजे सुमारे १ मिलिमीटरपर्यंतची मर्यादा होय. नेमके माप वाहनागणिक भिन्न असते.

चौकटीचे तडे : लहान तडा स्वच्छ व कोरडा करून त्यात पॉलियुरेथेन सीलंट भरता येते. पुढे छिद्राकडे जाणारा मार्ग त्याने बुजणार नाही, याची दक्षता घ्यावी. नळकांडी तुटली असल्यास किंवा तडे अनेक असल्यास चौकट बदलावी लागते.

बाहेरून सीलंट लावणे : गळती दिसताच काचेच्या कडेने सिलिकॉन सीलंट किंवा कठीण होणारी पुट्टी भरणे, हा सर्वाधिक आढळणारा चुकीचा उपाय आहे. अशा लेपाला काही काळाने सूक्ष्म फटी पडतात. त्यांतून पाणी पन्हळीत जाते आणि निचरा तुंबलेलाच असल्याने पूर्वीप्रमाणेच आत उतरते. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन सुकताना ॲसेटिक आम्ल सोडते, त्यामुळे उघड्या पत्र्यास गंज चढतो. शिवाय नंतर योग्य दुरुस्ती करताना हा लेप खरवडण्याचा खर्च वाढतो.

सनरूफ बदलणे

काच फुटली असल्यास, रुळ वाकले असल्यास किंवा चौकट दुरुस्तीपलीकडे गेली असल्यास बदल अपरिहार्य ठरतो. केवळ काच बदलणे तुलनेने सोपे असते. ती काही स्क्रू काढून वरच्या बाजूने उचलता येते. संपूर्ण चौकट बदलणे हे मात्र मोठे काम आहे. त्यासाठी छताचे कापड अखंड बाहेर काढावे लागते आणि पॅनोरमिक सनरूफची चौकट पुष्कळदा मागील दारातून आत न्यावी लागते. चिकटविलेली काच बसविल्यावर चिकटद्रव्य पुरेसे घट्ट होईपर्यंत वाहन चालविता येत नाही.

नवी काच सुरक्षा काचच असावी लागते. टफन्ड काच फुटल्यास तिचे बोथट बारीक तुकडे होतात, तर लॅमिनेटेड काचेच्या दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असल्याने तुकडे जागीच चिकटून राहतात. मूळ काच ज्या प्रकारची असेल, त्याच प्रकारची नवी काच घ्यावी. भारतात वाहनांच्या सुरक्षा काचेसाठी ‘आयएस २५५३ (भाग २)’ हे मानक असून काचेवरील खूण पाहून त्याची खातरजमा करता येते. उत्पादन थांबलेल्या मोटारींसाठी भंगारात काढलेल्या वाहनांचे भाग वापरले जातात. असा भाग घेताना त्याचा क्रमांक मूळ भागाशी जुळवावा आणि रुळ, केबल व चौकटीचे कोपरे डोळ्यांखालून घालावेत. वापरलेले जुने रबर मात्र घेऊ नये. ते दुसऱ्या काचेवर नीट बसत नाही.

दुरुस्तीचा खर्च वाहनाच्या उरलेल्या किमतीच्या मानाने फार असेल, तर सनरूफ कायमचे बंद करण्याचा पर्याय उरतो. त्यासाठी काच योग्य पातळीवर आणून मोटरची विद्युत जोडणी काढतात आणि कडा पॉलियुरेथेनने बंद करतात. तेव्हाही निचरा-नळ्या मोकळ्या ठेवाव्यात, कारण कोणताही लेप कायम टिकत नाही. काच बंद असताना ती उघडून आणीबाणीत बाहेर पडण्याचा मार्गही बंद होतो, याचाही विचार व्हावा लागतो.

अंतर्भाग कोरडा करणे

गळती थांबल्यावरही काम पूर्ण होत नाही. गालिचा वरून कोरडा वाटला, तरी खालचा फोम अनेक दिवस ओला राहतो. त्यामुळे आसने काढून गालिचा उचलावा, फोम पिळून किंवा यंत्राने पाणी ओढून काढावे आणि दोन्ही उन्हात वाळवावेत. तारांच्या जोडण्या उघडून, कोरड्या करून तपासाव्यात. हिरवट थर दिसल्यास तो तांब्याच्या गंजाचा असतो. पिवळ्या रंगाच्या जोडण्या सामान्यतः एअरबॅगच्या असतात, त्यांना अनभिज्ञ व्यक्तीने हात लावू नये. पावसाळ्यात बंद गॅरेजमध्ये वाहन वाळत नाही. त्यामुळे उघडीप मिळताच हे काम करणे श्रेयस्कर असते.

विमा व कायदा

सर्वसमावेशक मोटार विम्यात अपघाताने किंवा पुराने झालेले नुकसान समाविष्ट असते, मात्र झीज, घसारा आणि यांत्रिक वा विद्युत बिघाड वगळलेले असतात. तुंबलेल्या नळीमुळे हळूहळू झालेली गळती सामान्यतः दुसऱ्या वर्गात मोडते. अपघातात सनरूफची काच फुटल्यास काचेवर घसारा आकारला जात नाही, तर रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर प्रचलित नियमांनुसार ५० टक्के घसारा वजा होतो. शून्य-घसारा पुरवणी घेतलेली असल्यास ही वजावट टळते.

मूळ प्रकारची काच किंवा चौकट बसविणे म्हणजे वाहनात बदल करणे नव्हे. मूळ मोटारीस सनरूफ नसताना छताचा पत्रा कापून ते बसविणे, ही वेगळी बाब आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार, निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाहून नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील भिन्न होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. पत्रा कापल्याने छताची मजबुती घटते आणि अशा सनरूफचा निचरा कारखान्यातील रचनेइतका भरवशाचा असेलच, असे नाही.

जुने वाहन खरेदी करताना

वापरलेले वाहन उन्हाळ्यात विकत घेतल्यास सनरूफचा दोष दिसत नाही. म्हणून छताच्या कापडावरील डाग, खांबांची नव्याने बदललेली आवरणे, स्टेपनीच्या जागेतील गंज आणि अत्तराच्या वासाने झाकलेला कुबट वास यांकडे लक्ष द्यावे. काचेच्या कडेला सीलंटचा लेप असेल, तर गळती पूर्वी झालेली आहे असे समजावे. पेलाभर पाण्याची उपरोक्त चाचणी विक्रेत्यासमोर काही मिनिटांत करता येते.

देखभाल

सनरूफची देखभाल वर्षातून दोनदा करणे पुरेसे मानले जाते. मराठवाड्याच्या हवामानात पहिली वेळ मे महिन्याच्या अखेरीस, पावसाळ्यापूर्वी, आणि दुसरी पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये यावी. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या वाहनाची पन्हळ महिन्यातून एकदा पुसावी. काच महिन्यातून किमान एकदा पूर्ण उघडून बंद केल्यास रबर एकाच जागी चिकटत नाही. रुळांवरील जुने, धूळ धरलेले वंगण पुसून निर्मात्याने सुचविलेले वंगणच लावावे. वाहन धुताना दाबाच्या पाण्याचा फवारा काचेच्या कडेवर जवळून मारू नये. या कामांना फडके, मऊ ब्रश आणि पेलाभर पाणी एवढेच साहित्य लागते. सनरूफ असलेले वाहन दुरुस्तीस दिल्यास नेहमीच्या कामांच्या यादीत निचरा-नळ्यांच्या तपासणीची नोंद स्वतंत्रपणे करून घेणे उपयुक्त ठरते.